चुकलेल्या प्रयोगाला गुण द्या

पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायचं, प्रॅक्टिकल होतं. तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी जेल यूव्हीखाली ठेवली आणि सगळे वाकून पाहू लागले. आठ लेन होत्या. पहिलीत लॅडर, म्हणजे लांबी माहीत असलेल्या तुकड्यांची मोजपट्टी, मधल्या लेनमध्ये अपेक्षित जागी ठसठशीत पट्ट्या, आणि अगदी शेवटच्या लेनमध्येही तशीच एक पट्टी, जराशी फिकट. त्या शेवटच्या लेनच्या नळीत कुणी डीएनए घातलेलाच नव्हता. तिथे फक्त पाणी होतं. तिला निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात. तिथे काहीही दिसू नये, एवढंच तिचं काम.

एका मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, हे लिहायचं का?" मी काही बोलायच्या आत शेजारच्या मुलानं तिला सल्ला दिला, "ती लेन सोडून दे. फोटो कापून लाव. बाकीचं बरोबर आलंय ना!" हा मुलगा लबाड नव्हता. वर्गात मन लावून काम करणाऱ्या मोजक्या मुलांपैकी तो एक. त्याला खरंच मदत करायची होती. शाळेपासून त्या दिवसापर्यंत त्यानं जेवढी प्रॅक्टिकलं केली, त्या सगळ्यांनी त्याला हेच शिकवलं होतं की उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि आपण कसंही करून तिथे पोचायचं असतं.

ज्या कामासाठी आपण या मुलांना तयार करतो आहोत, तिथे त्या फिकट पट्टीचा अर्थ एकच होतो: आजचं सगळं काम बाद. नुसत्या पाण्यातून पट्टी आली म्हणजे कुठलं तरी द्रावण, पिपेट (थेंबभर द्रव मोजून उचलायचं साधन), नाहीतर टेबल दूषित झालंय. मग बाकीच्या लेनमधल्या देखण्या पट्ट्यांवरही विसंबता येत नाही. तेच नमुने रुग्णांचे असते आणि ती लेन कापून अहवाल गेला असता, तर एखाद्या धडधाकट माणसाला आजारी ठरवून आपण मोकळे झालो असतो.

जैवविज्ञानाच्या प्रयोगशाळांसाठी विद्यार्थी कसे घडवायचे, यावर बोलणं सुरू झालं की गाडी लगेच यंत्रांवर जाते. डीएनए वाचणारं कोणतं सिक्वेन्सर घ्यावं, अभ्यासक्रमात जनुकं बदलायचं क्रिस्पर तंत्र कधी आणावं, कुठलं प्रमाणपत्र जोडावं. या गोष्टी लागतातच. पण माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. आपली प्रॅक्टिकलं ठरलेल्या उत्तराला गुण देतात, आणि प्रयोगशाळेतली नोकरी जे दिसलं ते जसंच्या तसं सांगण्यासाठी असते. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. पहिली सवय पाच-सात वर्षं अंगी मुरवून आपण मुलांना दुसऱ्या जगात पाठवतो आणि तिथल्या लोकांनी तक्रार केली की म्हणतो, "मुलांना हाताचं काम येत नाही." हात नंतरही शिकवता येतात. आधी बिघडलेली असते ती नजर.

हे मी स्वतः केलेलं आहे. पदवीला असताना आम्हाला जिवाणूंच्या वाढीचा आलेख काढायचा होता. दर वीस मिनिटांनी कल्चरचा, म्हणजे जिवाणू वाढत असलेल्या द्रवाचा, नमुना घ्यायचा, ६०० नॅनोमीटरला त्याचा गढूळपणा मोजायचा आणि आकडे कागदावर मांडायचे. आधी सपाट, मग चढ, मग पुन्हा सपाट अशी रेघ यायला हवी होती. आमचा एक बिंदू चढाच्या ऐन मध्यात खाली घसरला. आम्ही तो मागच्या बॅचच्या वहीत बघून 'बसवला'. पूर्ण गुण मिळाले. त्या घसरलेल्या बिंदूत शिकण्यासारखं किती होतं, हे मला फार उशिरा कळलं. नमुना घेण्याआधी आम्ही फ्लास्क हलवला नसेल, पेशी तळाशी बसल्या असतील आणि आम्ही वरचं पातळ उचललं असेल. किंवा तो बिंदू खरा असेल आणि त्याच्या आधीचाच आकडा खोटा: नमुना ठेवायच्या पारदर्शक क्युव्हेटवर कुणाच्या बोटाचा ठसा राहिला असेल आणि प्रकाश अडून तो उगाच फुगला असेल. यांतलं काही आम्ही शोधलं असतं, तर आज मी विद्यार्थ्यांना जे सांगते ते त्याच दिवशी शिकले असते. आम्ही त्याऐवजी नक्कल शिकलो.

हे वर्गापुरतं राहिलं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. अमेरिकेत इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची प्रयोगशाळा होती. औषधं, कीटकनाशकं, रोजच्या वापरातली रसायनं माणसाला घातक आहेत का, याच्या प्राण्यांवरच्या चाचण्या ती इतर कंपन्यांना करून देई. १९७६ साली सरकारी तपासनिसांनी तिचे कागद उलगडायला घेतले आणि जे निघालं ते वाचून आजही अंगावर काटा येतो. उंदरांना पाणी देणारी यंत्रणा बिघडलेली, पिंजऱ्यांत पाणी साचलेलं, उंदीर मरताहेत, काही तपासण्याच्या पलीकडे कुजून गेलेत, आणि अहवालात मात्र सगळे आकडे व्यवस्थित भरलेले. १९८३ मध्ये तिथल्या वरिष्ठांना न्यायालयानं दोषी ठरवलं. याच काळातल्या अशा प्रकरणांच्या धक्क्यातून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७८ मध्ये 'गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस'चे नियम काढले, आणि १९८१ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेनं आपल्या सदस्य देशांसाठी तशीच तत्त्वं ठरवली. आज नवी मुलं ज्यांना कंटाळतात त्या एसओपी (कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी पद्धती), प्रत्येक पानावरच्या सह्या, पिपेटवरचे कॅलिब्रेशनचे स्टिकर, ऑडिट, या सगळ्याच्या मुळाशी ते कुजलेले उंदीर आहेत. एसओपी पाठ करायला लावण्याआधी मुलांना ही हकिकत सांगितली पाहिजे. नियम कशातून आला ते कळलं की तो जाच वाटत नाही. आणि मला राहून राहून वाटतं, तिथे आकडे भरणारे हात काही राक्षसांचे नसणार. कुठल्या तरी वर्गात त्यांनीही बिंदू बसवले असतील आणि त्यांनाही पूर्ण गुण मिळाले असतील.

आता हाताकडे येते. पिपेट धरायला शिकवायला किती वेळ द्यावा? बहुतेक ठिकाणी दहा मिनिटं देतात. वरचं बटण पहिल्या अडणीपर्यंत दाबा, टिप बुडवा, हळू सोडा, दुसऱ्या अडणीपर्यंत दाबून रिकामं करा. झालं! मी यासाठी दोन आठवडे मागते, आणि दर वेळी सहकाऱ्यांशी वाद होतो. टिप दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची, कारण खोल गेली की बाहेरून चिकटलेला थेंबही सोबत येतो. पिपेट उभी धरायची. अंगठा सोडताना घाई केली की टिपमध्ये हवा शिरते. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेलं एन्झाइम पाकासारखं दाट असतं, ते पाण्याच्या वेगानं ओढलं तर कमीच येतं. २०० मायक्रोलिटरच्या पिपेटनं ५ मायक्रोलिटर मोजू नये (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग). आणि दर वेळी टिपकडे बघायचं: आत गेलेली पातळी नेहमीइतकीच आहे ना? हे वाचून येत नाही. अंगठ्याला यावं लागतं.

ते आलं की नाही हे तपासायला महागडं काही लागत नाही, चांगला तराजू पुरतो. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन जवळपास १०० मिलिग्रॅम भरतं. प्रत्येक विद्यार्थ्यानं दहा वेळा पाणी घ्यायचं, दहाही वजनं लिहायची, एकही खोडायचं नाही. एका वर्षी एका मुलाची सगळी वजनं ९४ ते ९५ मिलिग्रॅमच्या आसपास आली, आणि त्याच्या शेजारणीची ९१ ते १०८ अशी पसरलेली, पण सरासरी नेमकी १००. "कुणाचं बरोबर?" असं विचारल्यावर वर्गानं एकमुखानं शेजारणीचं नाव घेतलं, कारण ठरलेलं उत्तर १०० होतं. खरं तर त्या मुलाचा हात पक्का होता. त्याची पिपेट बिघडली होती आणि ती दुरुस्त करता येत होती. शेजारणीची पिपेट ठीक होती, हात अजून बसायचा होता, आणि तिची १०० ही सरासरी निव्वळ योगायोग होता. अचूकता आणि सुसंगती यांतला फरक मी फळ्यावर कितीतरी वेळा काढलेला आहे. त्या वीस आकड्यांनी तो पंधरा मिनिटांत समजावला.

एवढ्याशा चुकीनं काय बिघडतं, असं मुलं विचारतात. मग सहा नळ्यांचं डायल्युशन, म्हणजे द्रावण टप्प्याटप्प्यानं पातळ करणं, करायला लावायचं. प्रत्येक नळीत ९०० मायक्रोलिटर बफर, आधीच्या नळीतून १०० घेऊन पुढच्या नळीत. पिपेट दर वेळी १०० ऐवजी ११० उचलत असेल, तर सहाव्या नळीपर्यंत ती चूक वाढत वाढत दीडपटीच्या वर जाते. औषधाची मात्रा ठरवायची असो की पाण्यातले जिवाणू मोजायचे असोत, दीडपट हा फार मोठा फरक आहे. आणि नोंदीत सगळं 'प्रोटोकॉलप्रमाणे' असतं.

प्रोटोकॉलवरून एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्तनांच्या ऊतींतल्या पेशींवर काम करणारे अमेरिकेतले दोन नावाजलेले गट, बर्कलीतला मीना बिसेल यांचा आणि बॉस्टनमधला कॉर्नेलिया पोल्याक यांचा, एकत्र काम करत होते. ऊती तशाच, पद्धत तीच, यंत्रं तीच, तरी पेशींच्या वर्गवारीचे निकाल जुळेनात. जवळपास वर्ष गेलं. यंत्रं तपासली, अँटिबॉडी तपासल्या. शेवटी दोन्हीकडचे संशोधक एकाच टेबलाशी शेजारी शेजारी उभे राहिले आणि सुरुवातीपासून काम करू लागले, तेव्हा उलगडा झाला. ऊती विरघळवताना एकीकडे ती जोरात ढवळली जात होती आणि दुसरीकडे तासन्‌तास हलके हलके झुलवली जात होती. दोघांनाही ती गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती की सांगण्यासारखी वाटलीच नाही. २०१४ साली त्यांनी हे सगळं मोकळेपणानं छापलं, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. शिकवणाऱ्यानं यातून एक घ्यावं: कागदावरच्या पद्धतीत न मावलेलं पुष्कळ काही हातात असतं, आणि ते शेजारी उभं राहूनच दुसऱ्याच्या हातात जातं. तीस मुलांमागे एक शिक्षक, एका यंत्राभोवती दहाजण, एकजण करतोय आणि नऊजण बघताहेत, अशा प्रॅक्टिकलमधून ते जात नाही.

हे समजायला मूलभूत विज्ञान लागतंच. "टेक्निशियनला थिअरी कशाला, बटणं दाबता आली म्हणजे झालं," हे मत मला अजिबात मान्य नाही. प्रोटोकॉलमध्ये 'सेंट्रिफ्यूज ३००० आरपीएम', म्हणजे नमुना यंत्रात मिनिटाला ३००० फेऱ्यांनी गरगर फिरवा, एवढंच लिहिलेलं असलं, तर ज्याला रोटरची त्रिज्या आणि बल यांचं नातं माहीत आहे तोच थबकेल आणि विचारेल, कोणत्या रोटरवर? त्रिज्या दुप्पट तर त्याच फेऱ्यांना बलही दुप्पट. ज्याला हे कळलेलं नाही तो आज्ञाधारकपणे ३००० लावील आणि पेशी फोडून बसेल.

यंत्रांचा मुद्दा इथेच येतो. रोबो पिपेटिंग करतात, किटमध्ये सगळं तयार मिळतं, मग हाताचं कौतुक कशाला, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. रोबोमुळे कंटाळवाणी कामं कमी होतात आणि ती व्हावीत. पण यंत्र काय सांगतंय आणि काय सांगत नाही, हे माणसालाच ओळखावं लागतं. ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात वापरायची, चिकटपट्टी घ्या. पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की मुलं सामान 'स्टराइल' म्हणून उचलतात. ती पट्टी फक्त एवढंच सांगते की हे गाठोडं तापलं होतं. आतपर्यंत १२१ अंशांची वाफ पोचली का, पुरेसा वेळ टिकली का, हे तिला ठाऊक नसतं. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूचे बीजाणू आत ठेवून ते मेले की नाही हे पाहावं लागतं.

जर्मनीत, ऑस्ट्रियात आणि फ्रान्समध्ये मिळून सुमारे ४० गुन्ह्यांच्या जागी एकाच अनोळखी बाईचा डीएनए सापडत होता. खुनापासून घरफोडीपर्यंत सगळीकडे तीच. पोलीस वर्षानुवर्षं तिच्या मागावर होते. २००९ मध्ये कळलं की अशी कुणी गुन्हेगार नव्हतीच. नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्यांवरच तो डीएनए होता, काड्या भरणाऱ्या एका कामगार बाईचा. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. जंतू मेला तरी डीएनए उरू शकतो. हा फरक पुस्तकात अर्ध्या ओळीचा आहे. कोऱ्या काडीचा कंट्रोल सोबत चालवायची सवय असती, तर तो किती आधी हाती आला असता! नोकरी देणाऱ्यांना उमेदवाराच्या अर्जावर यंत्रांची लांबलचक यादी हवी असते. मला वाटतं, त्यांनी विचारावं: तुझा कंट्रोल शेवटचा कधी फसला होता, आणि तू काय केलंस?

नोंदवहीबद्दल. चांगली नोंद म्हणजे काय, याची पाच लक्षणं नियामक संस्था सांगतात: कुणी केलं ते कळावं, वाचता यावं, काम करतानाच लिहिलेलं असावं, मूळ असावं, अचूक असावं. आपल्या प्रॅक्टिकलच्या वह्या या पाचांपैकी निदान दोन कसोट्यांवर सपशेल नापास होतात, कारण त्या घरी जाऊन, सुवाच्य अक्षरात, पुन्हा लिहिलेल्या असतात. आपणच तसा आग्रह धरतो. डाग पडलेली, घाईत लिहिलेली, मध्येच 'टिप बदलली की नाही आठवत नाही' असं लिहिलेली कच्ची वही आपण फेकून द्यायला लावतो आणि स्वच्छ खोटी वही तपासतो. खऱ्या प्रयोगशाळेत पांढरी शाई वर्ज्य असते. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. ही एवढी सवय पहिल्या सत्रात लावली आणि कच्ची वहीच पक्की मानली, तर मला वाटतं, निम्मं प्रशिक्षण तिथेच होईल.

एक गोष्ट शिक्षणाच्या चौकटीबाहेरची वाटेल, पण ती आतलीच आहे. १९५१ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत मेरी क्युबिचेक नावाची तरुण सहायक होती. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेला तुकडा, लॅक्स यांना न विचारता घेतलेला, तिच्या टेबलावर आला. आधीच्या कितीतरी पेशी मेल्या होत्या, याही मरतील असं तिला वाटत होतं. तरी तिनं तो निगुतीनं कापला, नळ्यांत भरला आणि नावातली पहिली अक्षरं घेऊन नळ्यांवर 'हेला' लिहिलं. माणसाच्या शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेली ती पहिली मानवी पेशी. पेनिसिलिनची कथा सांगताना आपण फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघा नोबेल मानकऱ्यांवर थांबतो. बुरशीच्या पाण्यातून ते नाजूक औषध टिकवून काढायची युक्ती ज्यानं बसवली, रुग्णशय्येवरच्या भांड्यांतसुद्धा बुरशी वाढवली, आणि मे १९४० मध्ये उंदरांवरच्या पहिल्या चाचणीला पहाटेपर्यंत जागून कोणता उंदीर कधी मेला हे टिपलं, त्या नॉर्मन हीटली यांचं नाव फार कमी जणांना माहीत असतं. डीएनए हाच आनुवंशिकतेचा वाहक असल्याचा १९५२ चा प्रयोग आल्फ्रेड हर्शी यांच्या प्रयोगशाळेतल्या सहायक मार्था चेस यांच्या हातचा. १९६९ चं नोबेल हर्शी यांना मिळालं, चेस यांना नाही.

हे मी तक्रार म्हणून मांडत नाही. जिथे हातानं काम करणाऱ्याचं नाव शोधनिबंधावर येत नाही, पदाला पुढची पायरी नसते, दहा वर्षांचा अनुभवी टेक्निशियन आणि काल आलेला मुलगा एकाच पंक्तीत बसतात, तिथे हुशार विद्यार्थी टिकणार नाही आणि टिकला तरी तोंड उघडणार नाही. तोंड उघडणं हे तर या कामातलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य. थेरानोस या रक्तचाचणीच्या कंपनीचा डोलारा कोसळला त्यामागे ज्यांनी तोंड उघडलं त्यांत एरिका चुंग होत्या, नुकत्याच पदवी घेऊन बाहेर पडलेल्या. क्वालिटी कंट्रोल वारंवार नापास होतोय, न जुळणारे आकडे वगळून तो पास केला जातोय, हे त्यांनी पाहिलं. वरिष्ठांनी ऐकलं नाही तेव्हा नोकरी सोडली आणि २०१५ मध्ये नियामकांना कळवलं. कंपनीच्या संस्थापिकेला २०२२ मध्ये दोषी ठरवण्यात आलं. एवढं धैर्य वर्गात शिकवता येईल असं मी म्हणणार नाही. पण वर्गात ते मारता येतं, हे मी पाहिलेलं आहे. "बाकीच्यांचं आलं, तुझंच कसं नाही आलं?" या एका प्रश्नानं ते मरतं.

आता खर्च आणि वेळ. दर वेळी इथेच घोडं अडतं. अभ्यासक्रमात वीस-पंचवीस प्रयोग असतात, एकेकाला एक दिवस, फसला तरी पुढच्या आठवड्यात पुढचा. माझं मत स्पष्ट आहे: निम्मे करा, पण तीनदा करा. पहिल्यांदा शिकण्यासाठी, दुसऱ्यांदा सुधारण्यासाठी, तिसऱ्यांदा आपलाच निकाल पुन्हा येतो का हे पाहण्यासाठी. आणि सत्राच्या सुरुवातीला दोघा-दोघांना एक कल्चर सोपवा. जिथे सोय असेल तिथे प्राणिपेशींचं, नसेल तिथे साध्या यीस्टचं. सत्र संपेपर्यंत ते जिवंत, शुद्ध आणि नोंदवलेलं ठेवायचं. पेशींना सुटीचा दिवस कळत नाही. पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाचा, मीडियमचा, गुलाबी रंग रातोरात पिवळा झाला तर काय झालं असेल? पेशी फार वाढल्या की जिवाणू शिरले? आणि मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू शिरला तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मीडियमही गढूळ होत नाही, मग त्याची चाचणी किती दिवसांनी करायची? ज्यांनी एकदा आपलं कल्चर गमावलं आहे त्यांना लेबल का लावायचं, हे सांगावं लागत नाही. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवलं होतं की वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या कित्येक पेशी प्रत्यक्षात हेलाच होत्या, कुठेतरी, कधीतरी मिसळलेल्या. ती मिसळ बेफिकीर हातांनी आणि न तपासलेल्या लेबलांनी केली.

जर्मनीत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा-सहायकाचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं असतं. विद्यार्थी कंपनीत किंवा संशोधन संस्थेत प्रत्यक्ष काम करतो, त्याबद्दल मानधन घेतो आणि सोबत व्यवसायशाळेत शिकतो. ते जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणत नाही. उद्योगांनी शिकवण्याचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतला आहे म्हणून ते तिथे चालतं. पण साडेतीन वर्षं हा आकडा लक्षात ठेवावा, विशेषतः सहा आठवड्यांत 'इंडस्ट्री रेडी' करून देणाऱ्या जाहिराती वाचताना. सहा आठवड्यांत यंत्राची ओळख होते. हात आणि नजर त्या वेगानं तयार होत नाहीत.

त्या फिकट पट्टीचं पुढे काय झालं तेही सांगते. आम्ही फोटो कापला नाही. पुढच्या दोन वेळा तोच शोध घेतला. एकेक द्रावण नवं घ्यायचं, बाकी जुनंच ठेवायचं आणि पाण्याची लेन पुन्हा चालवायची. प्रायमर बदलले, पट्टी तशीच. एन्झाइम बदललं, पट्टी तशीच. पाण्याची नळी बदलली आणि लेन कोरी झाली. सगळ्या वर्गानं एकाच नळीतून पाणी घेतलं होतं, आणि कुणाच्या तरी वापरलेल्या टिपनं त्यात डीएनए सोडला होता. तेव्हापासून त्या मुलांनी आपण होऊन पाणी छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवायला सुरुवात केली. त्या सत्रात आमचे दोन प्रयोग राहून गेले, आणि अभ्यासक्रम पूर्ण का झाला नाही याचं लेखी स्पष्टीकरण मला द्यावं लागलं.

परीक्षा बदलल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही, कारण मुलं परीक्षेकडे बघून शिकतात आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत असा नमुना द्यावा ज्याचं उत्तर टेबलापलीकडच्या परीक्षकालाही माहीत नाही. बंद पाकिटात दुसऱ्याच कुणीतरी ते ठेवलेलं असावं, आणि काही नमुने मुद्दाम असे असावेत की दिलेल्या साधनांनी उत्तर निघूच नये. गुण कंट्रोलना द्यावेत, त्याच वेळी लिहिलेल्या नोंदीला द्यावेत, पुन्हा केल्यावर तेच आलं का याला द्यावेत. आणि एखाद्या मुलीनं तीन तास राबून शेवटी लिहिलं की "निगेटिव्ह कंट्रोलमध्ये पट्टी आली, म्हणून या नमुन्याबद्दल आज काही सांगता येत नाही, पाण्याची नळी बदलून पुन्हा करावं लागेल", तर परीक्षकानं त्या ओळीखाली पैकीच्या पैकी गुण लिहावेत आणि सही करावी.